गाडी शोरूमच्या वर्कशॉपला सोडताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेनऊला गाडी वर्कशॉपला सोडली आणि रिक्षाने ऑफिस गाठलं. दुपारी अडीचला मीटिंग चालू असताना मोबाइलवर मेसेज आला. फास्टॅगमधून पैसे कापले गेले होते, टोल नाका खेड शिवापूर. तासाभराने परतीचा दुसरा मेसेज. माझी गाडी त्या वेळी पुण्यातल्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढलेली असायला हवी होती. काम काय, तर ऑइल बदलायचं आणि पुढच्या डाव्या चाकाकडून येणारा आवाज बघायचा.

संध्याकाळी विचारलं तर सर्व्हिस ॲडव्हायझर जराही न अडखळता म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह घेतली मॅडम. आवाज हायवेलाच येतो ना." हायवेला येतो असं मी म्हटलंच नव्हतं. स्पीडब्रेकरवर येतो म्हटलं होतं. पण गाडी किती चालवली, हे मला ठामपणे सांगता येईना, कारण सोडताना मी मीटर बघितलाच नव्हता. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना ते भरतात त्या कामाच्या कागदावर, किलोमीटरच्या रकान्यात त्याने '२१०००' असा गोल आकडा ठोकून दिला होता आणि त्याखाली माझीच सही होती.

टोलचे पैसे त्यांनी रोख परत दिले. आवाज तसाच होता.

त्यानंतर मी या प्रकाराकडे जरा नीट बघायला लागले. आमच्या सांगलीत बाबांची गाडी मिस्त्रीकडे जायची तेव्हा बाबा शेजारी स्टूल टाकून बसायचे. बोनेट उघडं, हातात चहा, आणि "तो पाना नको लावू, पाचर बसेल" असल्या सूचना चालू. मोठ्या वर्कशॉपमध्ये तुम्ही काचेच्या पलीकडे कॉफी पीत बसता. तुमचं बोलणं ऐकतो तो ॲडव्हायझर, काम करतो तो मेकॅनिक, धुतो तो तिसरा आणि चालवून बघतो तो चौथा. मेकॅनिकपर्यंत तुमचं एक वाक्यही पोचत नाही, पोचतं ते फक्त जॉब कार्ड. म्हणून खालच्या बहुतेक सूचना त्या एका कागदाभोवती फिरतात.

एक आधीच सांगते. वर्कशॉपमधली माणसं चोर असतात असं मला म्हणायचं नाही. बहुतेक वेळा असते ती घाई. महिनाअखेर, सुट्टीच्या आधीचा शनिवार आणि पावसाळ्यापूर्वीचा आठवडा या दिवसांत गाडी नेऊच नका. मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यांत बरी.

१. आदल्या रात्रीची तयारी

सोबत काय हवं:

- आरसी आणि विम्याची प्रत. मूळ कागद गाडीत ठेवू नका, डिजिलॉकरमधली प्रत चालते.
- मागच्या सर्व्हिसिंगचं बिल
- गाडीचं मॅन्युअल. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं तेच.
- फक्त एक चावी, जुडग्यातून सोडवलेली. घराची, लॉकरची, कपाटाची किल्ली त्याला नको.
- मोबाइल, छोटा टॉर्च, कागदी नॅपकिन
- पांढरा पेंट मार्कर. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, त्याचं काम पुढे सांगते.

मॅन्युअल उघडून तीन गोष्टी मोबाइलमध्ये टिपून ठेवा: इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं आणि किती लिटर, तुमच्या किलोमीटरला काय काय बदलायचं असतं त्याचा तक्ता, आणि चाकाचे नट किती टॉर्कने, म्हणजे किती जोराने, आवळायचे. माझ्या छोट्या पेट्रोल गाडीला फिल्टरसकट ३.१ लिटर ऑइल लागतं. एका बिलात साडेतीन लिटर लावलं होतं. मॅन्युअलचं पान दाखवल्यावर "सिस्टिममध्ये बाय डिफॉल्ट येतं" म्हणत बिल दुरुस्त झालं. रक्कम दोन-अडीचशेची असेल, पण रोज किती गाड्यांना हे 'बाय डिफॉल्ट' येत असेल!

२. गाडी रिकामी करा

चष्मा, चिल्लर, पेनड्राइव्ह, डिकीतली छत्री, देवाची चांदीची मूर्ती, सगळं काढा. हे सगळेच करतात. विसरतं ते स्क्रीनच्या आतलं. ब्लूटूथला जोडलेला तुमचा फोन काढून टाका, नाहीतर संपर्कांची आणि कॉलची यादी स्क्रीनवर राहू शकते. नेव्हिगेशनमध्ये 'घर' म्हणून पत्ता साठवला असेल तर तोही पुसा. बायकांनी तर हे नक्की करा.

डॅशकॅम असेल तर चालू ठेवा. लपवाछपवी करू नका, ॲडव्हायझरला सरळ सांगा, "कॅमेरा चालू आहे, काढायचा असेल तर मला फोन करा." काही नव्या गाड्यांच्या ॲपमध्ये गाडी कुठे आहे, किती वेगात गेली, हे दिसतं. ते नसेल तर फास्टॅगचे मेसेज असतातच, माझ्यासारखे.

३. फोटो, पण ठरलेल्या क्रमाने

पंधरा-वीस फोटो लागतात, वेळ पाच मिनिटं. क्रम ठरवून घ्या म्हणजे काही सुटत नाही. मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करते आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गाडीला फेरी मारते. प्रत्येक दार, बंपरचे चारही कोपरे, चारही रिम, आरसे, पुढची काच. मग आत बसून मीटर: किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत आले पाहिजेत. ट्रिप मीटर शून्यावर आणा. ट्रिप कोणीही पुसू शकतं, तरी आणा.

मग बोनेट. बॅटरीवरचा नंबर आणि कंपनी. टायरच्या बाजूवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनंतर आकड्यांचा ठसा असतो, त्यातले शेवटचे चार अंक म्हणजे टायर कोणत्या आठवड्यात बनला ते. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आणि डिकीतल्या स्टेपनीचे हे अंक टिपा. जॅक आणि पान्याचाही एक फोटो.

फोटोंचा फायदा दोन्हीकडून होतो, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी गाडी घेऊन घरी आले आणि मागच्या दारावर बोटभर ओरखडा दिसला. तिथून पुढे फोनवर मी जे काही बोलले ते आठवलं तरी लाज वाटते. रात्री फोटो काढून बघितले तर ओरखडा सकाळच्या फोटोतही होता. आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमधला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "असूद्या ताई, रोजचंच आहे."

४. जॉब कार्ड: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

ॲडव्हायझर टॅब घेऊन येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, "काही कंप्लेंट?" विचारतो आणि सहीसाठी टॅब पुढे करतो. दोन मिनिटांत आटोपतं. तुम्ही पंधरा मिनिटं घ्या. मागे रांग असली तरी घ्या.

तक्रार कशी लिहायची, हे एका उदाहरणाने सांगते. माझ्या जॉब कार्डावर होतं, 'समोरून आवाज.' असं वाचून मेकॅनिक काय करणार? त्याने बोल्ट आवळले असतील आणि पुढच्या गाडीकडे गेला असेल. पुढच्या खेपेला मी हे लिहून घेतलं: 'पुढच्या डाव्या चाकाकडून. स्पीडब्रेकरवरून १० ते १५ च्या वेगाने उतरताना. टक असा एकच आवाज. ब्रेक न लावताही येतो. सपाट रस्त्यावर येत नाही.' आणि खाली अजून एक ओळ, 'मेकॅनिकसोबत गाडी चालवून दाखवायची आहे.' मेकॅनिक आला, शेजारी बसला, वर्कशॉपच्या फाटकाजवळच्याच स्पीडब्रेकरवरून दोनदा गाडी उतरवली. तिसऱ्यांदा उतरवायच्या आत तो म्हणाला, "लिंक रॉड गेलाय." आधीच्या खेपेला जो आवाज खेड शिवापूरला जाऊनही सापडला नव्हता, तो फाटकापाशी सापडला. त्याच दिवशी लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा दांडा, बदलला आणि आवाज गेला.

आवाज कधीतरीच येत असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करून ठेवा. वर्कशॉपमध्ये नेल्यावर गाडी गुणी बाळासारखी वागते, हा सगळ्यांचाच अनुभव.

सही करण्यापूर्वी कार्डावर एवढं असलंच पाहिजे:

- किलोमीटर शेवटच्या आकड्यापर्यंत. २१,०३७ असेल तर २१,०३७.
- इंधन किती
- गाडीच्या चित्रावर आधीचे पोचे-ओरखडे
- बॅटरीचा नंबर, स्टेपनी, जॅक, मॅट
- कामांची यादी आणि अंदाजपत्रक, करासकट
- 'अंदाजापेक्षा जास्त खर्च लेखी संमतीशिवाय करू नये'
- 'बदललेले जुने पार्ट दाखवावेत'
- 'टेस्ट ड्राइव्ह १० किलोमीटरच्या आत, त्याहून जास्त लागल्यास कळवावे'
- गाडी परत मिळण्याची तारीख आणि वेळ

टॅबमध्ये असल्या ओळी टाकायला जागा नसते, असं उत्तर मिळेल. असते. 'कस्टमर व्हॉइस' किंवा 'रिमार्क्स' नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. तेही जमत नसेल तर तिथेच उभ्या उभ्या हाच मजकूर ॲडव्हायझरला व्हॉट्सॲप करा आणि त्याच्याकडून 'ओके' घ्या. तेवढंही पुरतं.

मी एक ओळ कायम घालते, 'इंजिन धुऊ नये.' प्रेशरच्या पाण्याने बोनेटखालची धूळ जाते हे खरं, पण वायरिंगच्या जोडांत पाणी शिरलं की पुढचे चार दिवस डॅशबोर्डवर दिवे लागत राहतात. गाडीचा रंग गडद असेल आणि जिवाला लागत असेल तर बाहेरून धुण्यालाही नाही म्हणा. दहा गाड्यांना एकच फडका फिरतो आणि उन्हात बघितलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात.

आता कार्डाच्या मागची बारीक अक्षरं. तिथे बहुधा छापलेलं असतं की गाडी 'मालकाच्या जोखमीवर' ठेवली आहे. हे वाचून हातपाय गाळू नका. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. १९९८ साली दिल्लीतल्या एका हॉटेलच्या व्हॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पार्किंगच्या पावतीवर असंच 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीमागे लपून झटकता येत नाही. तो खटला हॉटेलचा होता, वर्कशॉपचा नव्हे, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात दिल्यावर काय होतं, हा मुद्दा तोच.

५. "हेही करून घ्या मॅडम"

गाडी आत गेल्यावर तासाभरात फोन येतो. इंजिन फ्लश, इंजिन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, उंदीर पळवायचा स्प्रे. यातलं काही कधीतरी लागतंही. कोकणात राहत असाल, गाडी खाऱ्या हवेत उभी असेल, तर खालून कोटिंग करण्यात अर्थ आहे. पण १०,००० किलोमीटरच्या गाडीला इंजिन फ्लश कशाला?

एकच प्रश्न विचारायचा, "मॅन्युअलच्या तक्त्यात हे आहे का?" नसेल तर, "या खेपेला नको." कारण देत बसू नका. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि वादात तो तुमच्यापेक्षा तयार असतो. रोजचं काम आहे त्याचं.

ब्रेकबद्दल फोन आला तर मात्र टाळू नका, फक्त आकडा मागा. "पॅड गेलेत" याला उत्तर, "किती मिलिमीटर उरलेत? फोटो पाठवा." नवा पॅड साधारण १० मिलिमीटरचा असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. फोटोत सहा-सात दिसत असतील तर पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणा. ब्रेक ऑइलचं उलटं आहे. ते दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं आणि नेमकं तेच सुचवायचं राहून जातं.

'फ्री सर्व्हिस'चाही गैरसमज काढून टाका. फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि बाकीच्या सामानाचे पैसे लागतात.

आणि ते "सर नाही आले का?" मला हे तीनदा विचारलं गेलंय. पहिल्यांदा चिडले. आता सांगते, "गाडी माझ्या नावावर आहे, आरसी बघा," आणि पुढच्या मुद्द्यावर येते.

६. गाडी आत असताना

सारखे फोन करू नका. दिवसातून एकदा, तेही मेसेज. जुना पार्ट खरंच बदलला की नाही, अशी शंका असेल तर पेंट मार्कर इथे कामाला येतो. सोडण्यापूर्वी एअर फिल्टरच्या कडेला, बॅटरीच्या बाजूला, हात पोचेल तिथे बारीक ठिपका द्यायचा. परत घेताना ठिपक्याचा फिल्टर तुमच्या हातात यायला हवा आणि गाडीतल्या फिल्टरवर ठिपका नसायला हवा.

जुने पार्ट नेहमीच मिळतात असं नाही. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी परत मागवते, विम्याच्या कामात तो सर्व्हेअरला, म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान बघायला येणाऱ्या माणसाला, दाखवायचा असतो. अशा वेळी घरी न्यायचा हट्ट नको, फोटो काढून घ्या. पण तुम्ही खिशातून पैसे दिलेला जुना ब्रेक पॅड "भंगारात गेला" असं सांगत असतील तर भंगाराचा डबा दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. डबा तिथेच असतो.

७. गाडी ताब्यात घेताना

दिवसाउजेडी जा. संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइटखाली, ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. आणि पैसे भरण्याआधी गाडी बघायची. काउंटरवाला म्हणेल आधी बिल, मग गेटपास. त्याला शांतपणे सांगा, आधी गाडी.

सगळ्यांत आधी मीटरचा फोटो. त्या आकड्यातून सकाळचा आकडा वजा करा. साध्या सर्व्हिसिंगला तीन ते आठ किलोमीटर ठीक वाटतात. त्याहून जास्त असेल तर कुठे नेली ते विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

मग सकाळची फेरी त्याच क्रमाने पुन्हा. बोनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा, नॅपकिनला पुसा, परत घालून काढा. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन बंद होऊन पाच मिनिटं झालेली हवीत. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वरच्या खुणेच्याही वर असेल तर जास्त भरलंय, तेही वाईटच. फक्त "बदललं" या शब्दावर जाऊ नका.

आता दोन गोष्टी, ज्या नवख्यांना कोणी सांगत नाही.

पहिली, क्लिपा. बंपरच्या खाली, इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याला, एअर फिल्टरच्या डब्याला छोट्या प्लास्टिकच्या क्लिपा असतात. ओढून काढल्या की तुटतात, आणि तुटल्या की मेकॅनिक उरलेल्यांवर भागवतो. महिनाभराने हायवेवर ८० च्या पुढे खालून फडफड ऐकू येते आणि तुम्हाला वाटतं गाडी जुनी झाली. वाकून टॉर्चने बघा. क्लिपेचं रिकामं भोक चटकन दिसतं. ती क्लिप त्याच्याकडे डबाभर असते, मागितली की लावून देतो.

दुसरी, चाकाचे नट. ते हवेच्या गनने घर्र करून आवळले जातात. नीट पद्धत म्हणजे गनने बसवायचे आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने करायचं. तो पाना ठरलेल्या जोराला पोचला की 'कट' आवाज करतो. गनने अति आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. मी एकदा वाईच्या अलीकडे पाऊण तास त्या पान्यावर उभी राहून उड्या मारत होते. शेवटी एका ट्रकवाल्या काकांनी लोखंडी पाइप लावून नट सोडवले. तेव्हापासून गाडी घेताना मी म्हणते, "माझ्यासमोर टॉर्क पाना लावा." दोन मिनिटांचं काम आहे. पाना सापडायलाच दहा मिनिटं लागली, तर त्यावरून काय ते समजा.

गाडी लिफ्टवर चढवताना दाराखालच्या पत्र्याला टेकू देतात. टेकू ठरलेल्या जागी नसेल तर पत्र्याची कड चेपते. वरून दिसत नाही, तिथूनच गंज धरतो. बोट फिरवून बघा.

शेवटी ॲडव्हायझरला शेजारी बसवून दोन-तीन किलोमीटर. ब्रेक, एसी, स्टिअरिंग सरळ आहे का, ज्या तक्रारीसाठी गाडी दिली होती ती गेली का. न गेल्यास तिथल्या तिथे नवं जॉब कार्ड उघडायला लावा. "दोन दिवस चालवून बघा, सेट होईल" याला भुलू नका. दोन दिवसांनी तुम्ही नवी तक्रार घेऊन आलेल्या ठरता.

बिल अंदाजपत्रकाशेजारी ठेवून वाचा. ऑइलचे लिटर, एकाच कामाची मजुरी दोन नावांनी लागली आहे का, 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे नेमकं काय. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. बिलावर जुना दर दिसला तर बोट ठेवा. आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हे कधीही मान्य करू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, शिवाय बिल नसेल तर गाडी तिथे गेली होती याचाच पुरावा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवल्यावर खालची फरशी बघा. ऑइलचा ताजा डाग असेल तर बहुधा ड्रेन प्लगचं (ऑइल सोडायच्या खालच्या बुचाचं) वॉशर जुनंच लावलंय किंवा फिल्टर सैल आहे. गाडी न चालवता फोन करा.

दोन-तीन दिवसांनी कंपनीकडून अभिप्रायाचा फोन येतो. त्याच्या आधीच ॲडव्हायझर सांगून ठेवतो, "दहापैकी दहा द्या मॅडम, आमचा इन्सेंटिव्ह असतो." काम चांगलं झालं असेल तर जरूर द्या. काम अडलेलं असेल तर तुमच्या हातातलं सगळ्यांत चालणारं नाणं हेच आहे. फोनच्या आधी काम पूर्ण करून घ्या.

८. डेंटिंग-पेंटिंग आणि विमा

हा वेगळ्या लेखाचा विषय, इथे थोडक्यात. सर्व्हेअरने गाडी बघितल्याशिवाय ती खोलू देऊ नका. कोणता पार्ट बदलायचा आणि कोणता दुरुस्त करायचा, याची यादी मागून घ्या. मंजुरी नव्या बंपरला आणि लागला जुनाच, पुट्टी भरून, असं होऊ नये म्हणून नव्या पार्टचा डब्यासकट फोटो मागा. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुमच्या खिशातून जाणारच, झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारी पॉलिसी) असली तरी. छोट्या कामासाठी दावा करताना नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती जाणार हे आधी मांडून बघा. चार हजारांच्या ओरखड्यासाठी सहा हजारांचा बोनस घालवणारे माझ्याच ऑफिसात आहेत.

रंगाचा मेळ उन्हात बघायचा, शेडखाली नाही.

९. बिनसलंच तर

आवाज चढवायच्या आधी हे माहीत असू द्या: दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा अधिकार वर्कशॉपला त्याच करार कायद्याच्या कलम १७० ने दिलेला आहे. त्यामुळे "पैसे देत नाही, काय करायचं ते करा" म्हणून गाडी सुटत नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून पार्किंगचे पैसे लागतील म्हणून सांगतात. बिल चुकीचं वाटत असेल तर भरा, पण भरण्यापूर्वी मेल टाका, 'अमुक रकमा मला मान्य नाहीत, गाडीची गरज असल्याने निषेध नोंदवून पैसे भरत आहे.' गाडी घेऊन बाहेर पडा, मग भांडा.

पायऱ्या अशा. आधी सर्व्हिस मॅनेजर, मेलवर, जॉब कार्डाचा नंबर आणि फोटो जोडून. तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी, 'आज बोलल्याप्रमाणे' असा मेल. दोन-तीन दिवसांत काही हललं नाही तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. डीलर तुम्हाला जुमानणार नाही, पण कंपनीकडे नोंद झालेली तक्रार त्याला बंद करावी लागते. माझी टोलची भानगड मी इथपर्यंत नेलीच नाही. नेली असती तर आवाज एका खेपेत गेला असता, असं आता वाटतं.

त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीपर्यंत नेऊन तोडगा काढायचा प्रयत्न करतात. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात बिघडवलेल्या गाडीसाठी सांगलीच्या माणसाला पुण्याला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची.

"बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल" ही धमकीही ऐकायला मिळेल. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात चौदा मोटार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं होतं. त्यावर अपिलं झाली, ती वेगळी कथा. माझं व्यावहारिक मत विचाराल तर वॉरंटी असेपर्यंत अधिकृत ठिकाणीच जा, कारण वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वर्कशॉप मात्र बदलता येतं. एकाच कंपनीचे शहरात अनेक डीलर असतात आणि वॉरंटी कुठेही चालते. मी आता घरापासून लांबच्या वर्कशॉपला जाते. तिथे गाडी लिफ्टवर असताना आत बोलावून दाखवतात.

वॉरंटी संपली की चांगला मिस्त्री शोधा. त्यालाही जॉब कार्डासारखं सगळं कागदावर लिहून द्या. सुरुवातीला हसतो, मग तोच कागद खिशात ठेवून काम करतो.

फोटो, जॉब कार्डं, बिलं, मेल यांचं मोबाइलमध्ये गाडीच्या नंबराने एक फोल्डर करा आणि प्रत्येक खेपेला तारखेची उपफाइल. माझ्या फोल्डरमधली पहिली दोन चित्रं टोलच्या मेसेजची आहेत.